बुजवलेलं दार

मोठे काका आले होते ते नुसता मोजायचा टेप द्यायला. पुतणीने आणि तिच्या नवऱ्याने एक जुनं दुमजली घर घेतलं होतं, आणि स्वयंपाकघर नि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत पाडून सगळं एक करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पुतणीचा धाकटा भाऊ मदतीला म्हणून आला होता. मदत एवढीच, की भिंतीवर खडूने चौकोन कुठे काढायचा हे तो बसल्या जागेवरून सांगत होता. चौकोन काढून झाला, आणि वीज गेली.

मेणबत्ती लागली. काका टेप गुंडाळत भिंतीपाशी गेले आणि खडूच्या रेघेच्या जरा बाहेर बोटाच्या पेराने त्यांनी वाजवून पाहिलं. टक, टक. थोडं सरकले. पुन्हा टक, टक.

"काका, नका ना," पुतणी म्हणाली. तिला कशानेही दचकायला व्हायचं, अगदी स्वतःचाच फोन वाजला तरी.

नवरा हसला. भिंत भक्कम आहे, म्हणाला, इंजिनियर बघून गेलाय, आणि घर विकणाऱ्यालाही आम्ही विचारलंय. काय विचारलं, असं काकांनी विचारलं. हेच, की काही लपवण्यासारखं आहे का. मग तो काय म्हणाला?

"नाही म्हणाला."

"नाहीच म्हणतात," काका म्हणाले. खुर्ची अजून आलेली नव्हती, ते पालथ्या बादलीवर बसले. "आमच्या समोर एक जण राहायचे. त्यांनीही नाहीच म्हटलं होतं. नंतर जे झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तुम्हाला सांगतो, पण मध्ये कोणी खोकायचं नाही."

धाकटा लगेच खोकला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो गप्प झाला.

समोरच्या त्या गृहस्थांना सगळे कंट्रोलरच म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. आख्खी नोकरी बसडेपोत गेली, तोंडात शिट्टी आणि डोळे घड्याळावर. त्यांच्या डेपोतून गाडी मिनिटभर उशिरा सुटली तर ड्रायव्हर-कंडक्टर दोघांची बिनपाण्याने व्हायची. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दूधवाला उशिरा आला की ते त्याला कारण विचारत, कारण पटलं नाही तर दार लावून घेत. मग त्यांची बायको मागच्या दाराने जाऊन गुपचूप दूध घेत असे, आणि चहा पिताना कंट्रोलर दूध कुठून आलं ते विचारत नसत.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार होता. दिवेलागणीला कंट्रोलर कोपऱ्यावरच्या दुकानात झिरोचा बल्ब आणायला निघाले. नातवाला काळोखात झोप लागत नाही, असं लेकीने फोनवर सांगितलं होतं, आणि लेक त्या रात्री राहायला येणार होती. जावयाची परगावी बदली झालेली, तिची नोकरी इथेच, मूल तान्हं. वर्षभर तरी ती राहील, असं होतं. कंट्रोलरनी बल्ब दोन घेतले, एक गेलाच तर असावा म्हणून, आणि दुकानदाराने न विचारताच त्याला सांगितलं की लेक येतेय. दुकानदार म्हणाला, साहेब, हे तुम्ही सकाळीही सांगितलंत.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात त्या घरात कंट्रोलरशिवाय कोणी झोपलं नव्हतं. लेक यायची, दोन तास बसायची, आईच्या फोटोवरची धूळ पुसायची आणि जायची. बापाशी बोलायची ती औषधांबद्दल आणि विजेच्या बिलाबद्दल. म्हणून बदलीचं कळल्यावर कंट्रोलरनी तिला भीत भीत विचारलं होतं, येतेस का इकडे? ती खूप वेळाने म्हणाली होती, येते, पण ती भिंत पाडा. मी आत कामात आणि बाळ बाहेर, मध्ये ती भिंत, असं मला जमणार नाही. त्या भिंतीमुळे आई गेली.

कंट्रोलर म्हणाले, पाडतो.

आता भिंतीचं सांगतो. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, काड्यापेटीएवढं. बाहेरची खोली पुढे. मध्ये ती भिंत, हातभर जाड. इकडून तिकडे जायचं तर कडेच्या बोळातून वळसा घालून जावं लागे. भिंतीच्या एका टोकाला, बाहेरच्या अंगाने, कंट्रोलरची खुर्ची टेकलेली असायची. पलीकडच्या अंगाला, बरोबर तिथेच, बायकोचा ओटा संपायचा.

बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. हाक मारता येईना, तेव्हा ती भिंतीवर वाजवायची. दोनदा वाजवलं की जेवायला या. तीनदा वाजवलं की जरा आत या, काम आहे. कंट्रोलर खुर्चीतून म्हणायचे, "आलो, आलो." आणि जिथे दुसऱ्याचं मिनिट चालत नसे तिथे यांचा पाव तास सहज जायचा. ते आत पोचले की ती मनगटावर बोट ठेवून दाखवायची, घड्याळ घड्याळ, आणि आवाज न करता हसायची. ते म्हणायचे, ही गाडी लेटच असते, तक्रार वहीत लिही.

तिच्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं, जन्मापासून. चप्पल म्हणून तिला बसायची नाही, घरभर ती अनवाणी. कंट्रोलर तिला चिडवायचे, तुझं बोट विदाऊट तिकीट दुसऱ्याच्या सीटवर बसलंय. ती त्यांना त्याच पायाने ढोसायची.

ती गेली ती एका रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. कंट्रोलरनी सगळ्यांना सांगितलं की माझा डोळा लागला होता. लेकीने त्यांचा हात धरून विचारलं, "बाबा, तिने वाजवलं असेल ना?" ते म्हणाले, वाजवलं असेल गं, भिंत केवढी जाड, ऐकू नाही आलं. तेव्हापासून तो आळ भिंतीवर होता. भिंत काय बोलणार?

त्यानंतर कंट्रोलर जेवायला बसायच्या आधी स्वतःच भिंतीवर दोनदा वाजवायचे. मग कान लावून बसायचे. पलीकडून कधीही, एकदाही, काही आलं नाही.

भिंत पाडायची म्हणून इंजिनियर आली. तरुण मुलगी होती, सगळे तिला मॅडम म्हणत. तिने आधी भिंत पाहिलीच नाही. ती वर गेली, वरच्या खोलीतल्या जमिनीची एक फळी उचकटायला लावली आणि खालच्या तुळया कोणत्या दिशेने जातात ते वाकून पाहिलं. खाली येऊन म्हणाली, साहेब, ही नुसती आडोशाची भिंत नाही. वरच्या मजल्याच्या तुळया हिच्यावर बसल्यात, वरच्या खोलीची भिंत हिच्यावर, छप्परही हिच्यावर. ही काढली की सगळं लोंबकळणार. कंट्रोलर म्हणाले, मग नाही होणार? होईल, म्हणाली, पण घाई करायची नाही. आधी दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू देऊन वरचा भार उचलून धरायचा. मग मधली भिंत काढायची. वर आडवा गर्डर घालायचा. आणि दोन्ही टोकांना भिंतीचा एकेक तुकडा खांबासारखा तसाच ठेवायचा, त्याच्या डोक्यावर काँक्रीटचा ठोकळा, त्यावर गर्डरचं टोक.

"आतापर्यंत जो भार आख्ख्या भिंतीवर पसरलाय, तो आता या दोन टोकांवर येणार," ती म्हणाली. "तेव्हा टोकं चोख पाहिजेत. नाहीतर गर्डर कितीही भारी आणा, उपयोग नाही."

खुर्चीकडच्या टोकाला तिने हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिलं. गिलाव्यावर गिलावा चढलेला, आवाज भरीव आला. तरी ती थांबली.

"साहेब, या भिंतीत आधी कधी दार, खिडकी, कपाट असं काही होतं का? बुजवलेलं?"

"नाही," कंट्रोलर म्हणाले.

होतं. तिथेच होतं. तिचा हात होता तिथेच.

लेक जन्मायच्या आधीपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला तिथे दार होतं. कंट्रोलरना तेव्हा रात्रपाळी असायची, दिवसा ते बाहेरच्या खोलीत झोपायचे. भांड्यांचा आवाज, फोडणीचा ठसका, आणि आता वर मूल रडणार. बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती तेवढ्यात त्यांनी एक ओळखीचा गवंडी बोलावला आणि दार बुजवून टाकलं. स्वस्तात. इकडून विटांचा एक थर, तिकडून एक थर, मध्ये फुटक्या विटा आणि राडारोडा. बाजूच्या भिंतीच्या विटांत नव्या विटा अडकवून, दाते घालून सांधायला वेळ लागतो, तर तेही केलं नाही. वरून गिलावा.

बायको तान्ही लेक घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी चहाची कपबशी हातात घेऊन सवयीने दाराकडे वळली, आणि समोर भिंत. तेव्हा तिला आवाज होता. पण ती काही बोलली नाही. एक हात ओल्या गिलाव्यावर ठेवून जरा वेळ उभी राहिली, मग बोळातून वळसा घालून आली. चहा निवला होता. तो कंट्रोलरनी निवलेलाच प्यायला.

मॅडमला दार सांगायचं म्हणजे ते का बुजवलं हेही सांगावं लागलं असतं. मॅडमकडून ते लेकीला कळलं असतं. आणि लेक येणार होती. दाराचं कळल्यावर ती आली असती का, हे कंट्रोलरना माहीत नव्हतं. म्हणून नाही.

काम सुरू झालं. कंट्रोलर घड्याळ घेऊन उभे. मिस्त्री म्हणायचा, साहेब, शिट्टी तेवढी राहिली, तीही घ्या. टेकू लागले, भिंत उतरली, गर्डर चढला. गर्डर आणि वरची जुनी भिंत यांच्यातली फट मिस्त्रीने घट्ट माल ठासून भरली, आणि मॅडमने सांगितलं तितके दिवस टेकू हलवू दिले नाहीत. त्या गुरुवारी सकाळी ती स्वतः येऊन पाहून गेली आणि मग टेकू निघाले. भिंत होती तिथे जमिनीत एक लांबट चर राहिला होता, हातभर रुंदीचा. तो मिस्त्रीने संध्याकाळी सिमेंटने भरून घोटून दिला. ओलांडायला एक फळी टाकली. सकाळपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, असं बजावून तो गेला.

लेक आली. आधी तिने पाहिली ती मोकळी जागा. खोलीभर दिव्याचा उजेड होता. बाळाला कडेवर घेऊन ती फळीवरून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. म्हणाली, आईला आवडलं असतं. मग तिने ओट्यापाशी उभं राहून भात टाकला, आणि कंट्रोलर आपल्या खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवरून स्वयंपाकघरातलं माणूस कधी दिसलं नव्हतं. बायकोचा चेहरा कामात असताना कसा असायचा, हे आपल्याला ठाऊकच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

लेक मागे वळून म्हणाली, "आता हाक मारली तर ऐकू येईल तुम्हाला."

ते ताटाकडे बघत हो म्हणाले.

ती आणि बाळ वरच्या खोलीत झोपली. बरोबर गर्डरच्या वर. झिरोचा बल्ब लागला होता, जिन्यात त्याचा तांबूस उजेड पडला होता. कंट्रोलर खाली खुर्चीतच पडले, हल्ली ते तिथेच झोपत. डोकं खांबाला टेकलेलं. म्हणजे जुन्या दाराला.

रात्री सव्वादोन.

टक. टक. टक.

कंट्रोलरचे डोळे उघडले. त्यांना वाटलं, लोखंड आहे. थंडीने आक्रसतं. सकाळी मॅडमला विचारू.

घर शांत होतं. वर बाळाने झोपेत हुंकार दिला. मग तेही थांबलं.

टक. टक. टक.

कानाशी. भिंतीच्या पलीकडून. पण पलीकडे आता काही नव्हतं, सगळं मोकळं. मान वळवली असती तर दिसलं असतं, ओट्यापाशी कोण उभं आहे ते.

त्यांनी मान वळवली नाही.

तोंडातून मात्र शब्द निघून गेले. इतक्या वर्षांची सवय. "आलो, आलो."

आणि ते उठले नाहीत.

त्या रविवारी असंच झालं होतं. अगदी असंच... टीव्हीवर मॅच संपत आली होती. तीनदा वाजलं. ते म्हणाले, आलो, आलो. पुन्हा तीनदा वाजलं, जरा हळू. ते म्हणाले, अगं आलो म्हटलं ना. मग एकदाच. अगदी हळू, नखाने वाजवावं तसं. त्यांना वाटलं, कंटाळली, नाद सोडला तिने. मॅच संपल्यावर ते बोळातून वळसा घालून गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, जिथे दार होतं तिथे. हात वर उचललेला, तसाच भिंतीला लागलेला...

आता कंट्रोलर अंधारात बसून होते. वाट बघत. आता काय येणार ते त्यांना माहीत होतं.

टक.

एकदाच. अगदी हळू.

ते उठले. म्हणाले, "आलो गं." आणि खरंच उठले. भिंतीवर हात टेकवला.

हातावर काहीतरी पडलं. बारीक. कोरडं. वाळूसारखं.

टॉर्च लावला.

गिलाव्यावर एक भेग होती. सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. जमिनीपासून वर. दोन हातांवर दुसरी. वर, ठोकळ्याखाली, दोन्ही जोडणारी आडवी...

दार होतं ते. दाराचा आकार. भिंतीवर पुन्हा उमटलेला.

वरचा ठोकळा एका अंगाला कलला होता. गर्डरचं टोक बोटभर खाली आलेलं. बघता बघता आणखी वाळू गळली.

वर पाळण्याची दोरी करकरली.

कंट्रोलर जिना कसा चढले ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. लेकीला हलवलं. ऊठ. बाळाला घे. काही विचारू नकोस. चप्पल राहू दे. भिंतीच्या कडेने चल... ती घाबरून उठली, बाळ छातीशी धरलं, आणि तिघं बोळातून, मागच्या दाराने, वळसा घालून रस्त्यावर आली. आमची बेल वाजली ती त्यानंतर. मी मिस्त्रीला फोन लावला, घरातून शाल आणून दिली. ती दोघं समोर दिव्याच्या खांबाखाली उभी राहिली, आत यायला तयार होईनात.

झालं काय, असं लेकीने विचारलं. कंट्रोलर म्हणाले, खांब खचतोय, तिथे पूर्वी दार होतं, मी बुजवलं होतं, तू जन्मलीस तेव्हा. मग हे मॅडमना का नाही सांगितलंत, ती म्हणाली. वर बाळ झोपलं होतं बाबा. कंट्रोलर म्हणाले, का बुजवलं तेही सांगावं लागलं असतं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती अजून. म्हणाली, "देवाची कृपा तुम्हाला जाग आली. कशी आली?"

इथे त्यांना खोटं बोलता आलं असतं. वाळू पडली अंगावर म्हणून. आवाज झाला म्हणून. लेक राहिली असती. खांब नीट झाला असता, आठ दिवसांत पुन्हा ओट्यापाशी उभी दिसली असती. हे सगळं त्यांच्या मनात आलं, असं त्यांनी मला सांगितलं.

"तुझ्या आईने वाजवलं," ते म्हणाले.

बाळ जागं झालं होतं, दिव्याकडे बघत होतं.

"भिंत नाहीये आता म्हणून ऐकू आलं," ती सावकाश म्हणाली. तिनेच त्यांना वाट करून दिली. शेवटची.

"नाही," कंट्रोलर म्हणाले. "भिंतीचं काही नव्हतं. मला नेहमी ऐकू यायचं."

"...त्या दिवशी?"

"त्या दिवशीही आलं."

"मग?"

"मी म्हणालो, आलो."

रस्त्यावर कोणी नव्हतं. लेकीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हणजे बापाच्या बाजूचा खांदा मोकळा झाला, आणि बाळ पलीकडे गेलं. एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. उजाडल्यावर मैत्रिणीला फोन करून तिने गाडी मागवली. निघताना आपण 'येते' म्हणतो ना? परक्याच्या घरून निघतानाही म्हणतो. ती म्हणाली, "जाते."

मिस्त्री तोवर आला होता, माणसं घेऊन. त्यांनी टेकू पुन्हा उभे केले आणि गर्डर उचलून धरला. घर वाचलं. मॅडमही धावत आली. भेगांचा तो आकार बघून तिला कळायचं ते कळलं. कंट्रोलरना ती म्हणाली, "दार होतं ना?" ते म्हणाले, होतं. ती त्यांच्या निम्म्या वयाचीही नसेल, तिने त्यांना बसायला स्टूल दिलं.

मग तिचं लक्ष खाली गेलं. "साहेब, ओल्यावर पाय ठेवू नका म्हणून सांगितलं होतं ना यांनी?"

कंट्रोलर म्हणाले, कोणी ठेवला नाही. मी फळीवरून गेलो. आम्ही निघालो तेही बोळातून, मागच्या दाराने.

तिने बोट दाखवलं. खांबाला अगदी लागून, घोटलेल्या सिमेंटच्या पट्टीत, एक पाऊल होतं. अनवाणी. डावं. पट्टीच्या आतल्या कडेवरच पडलेलं, त्यामुळे टाच ओट्याकडच्या जुन्या फरशीवर राहिली असणार. उमटला होता तो चवडा आणि बोटं. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

एवढं सांगून काका थांबले. मेणबत्ती निम्म्यावर आली होती. पुतणीने नवऱ्याचा हात धरला होता, आणि तो मघापासून भिंतीला टेकून बसला होता तो आता टेकलेला नव्हता.

"लेक परत आली?" धाकट्याने विचारलं.

काका म्हणाले, त्याच संध्याकाळी कंट्रोलरनी लेकीला फोन केला. तिने उचलला. त्यांनी सांगितलं, पाऊल उमटलंय. आईचं.

ती म्हणाली, "बोट?"

"चढलेलं."

"कुठे जातंय? आत की बाहेर?"

"बाहेर. माझ्या खुर्चीकडे."

"आणि तुम्ही?"

"मी रस्त्यावर होतो गं," कंट्रोलर म्हणाले. "तुझ्यापाशी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. बोलण्याचाही आला नाही. ते कानाला लावून बसले, बराच वेळ, भिंतीला लावून बसायचे तसे. नंतर कधीतरी फोन आपोआप बंद झाला.

नातू पुढे चालायला लागला, शाळेत जायला लागला. कंट्रोलरना फोटो यायचे, जावयाकडून. ते मला आणून दाखवायचे.

खांब मॅडमने पायापासून नवा बांधून घेतला, भरीव, दाते घालून दोन्हीकडे सांधलेला. आता त्या घराला काही होणार नाही. भिंतीवर पुन्हा कधी काही वाजलं नाही. फरशीवाला आला तेव्हा कंट्रोलरनी त्याला ती एक फरशी बसवू दिली नाही. मी कितीदा पाहिलंय. सगळीकडे नवी गुळगुळीत फरशी, आणि खांबाशी तेवढा एक चौकोन उघडा, सिमेंटचा. त्यात ते पाऊल. बाहेर येणारं.

परत आत जाणारं पाऊल नाही. आणि समोर खुर्ची आहे, तिच्यात त्या रात्री कोणी नव्हतं.